मांजर घरात, उंदीर तुरीत

कोणी वाचलंच तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि माझं वेडंवाकडं अक्षर पोटात घालावं. चौथीनंतर शाळा सुटली. पण माझ्या नणंदेसारखी, कोणती वस्तू कुठं असावी याचा ध्यास घेतलेली बाई साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात सापडायची नाही. नागपूरच्या लॅबमध्ये ती कॅन्सरच्या गाठींचे पातळ काप रंगवून मायक्रोस्कोपखाली बघते. लोक विचारतात, आहे का? ती विचारते, कुठं आहे? एका लग्नात पाण्याचा ड्रम पंगतीपासून लांब दिसला, तर तिनं खुद्द वरबापाला तो सरकवायला लावला. सुटीत बोरी अरबला आमच्याकडं आली की चुलीजवळ झोपलेलं मांजर उचलून तुरीच्या खोलीत सोडते. ते परत येतं, ही परत नेते.

"पाह्य वैनी, मांजर घरात हाये, पण उंदीर तुरीत. मंग फायदा काय? पेशीचंही तसंच. गाठ होऊ न देणारं प्रोटीन पेशीत असते, पण कारभार चालते मधल्या केंद्रकात. काही गाठींत ते बाहेरच अडकून राह्यते. हाये, पण कामाचं नाही."

सासूबाई म्हणतात, "हे पोट्टी सासरी गेली असती त मांजराच्या जिवाले आराम भेटला असता!"

गेल्या दिवाळीच्या पहाटे ती मला तेल लावत होती. काखेजवळ तिचा हात थांबला. जन्मात पहिल्यांदा तिनं 'कुठं' सोडून "कधीपासून?" असं विचारलं. लाजेनं मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.

यवतमाळच्या दवाखान्यात हे आत गेले, मी बाहेर बाकावर बसले. तिनं दार ढकललं. "भाऊ, गाठ हिच्या अंगात, अन् हे बाहेर बसून काय करून राह्यली? वैनी, ऊठ! डॉक्टरसमोर बस." हे खुर्चीवरून उठले. अडखळत का होईना, सगळं मीच सांगितलं.

गाठ कॅन्सरचीच निघाली. ऑपरेशन झालं. रिपोर्ट आला तेव्हा तिनं तो उभ्यानंच वाचला. मी हळूच विचारलं, "माझं प्रोटीन कुठं बसलंय गं?"

तिनं रिपोर्टाची घडी घातली. "ते यात नसते लिहिलं, वैनी. गाठ पूर्ण निघाली. कुठं पसरली नाही."

मग खाटेजवळ खाली बसली, माझ्या मांडीवर डोकं टेकलं आणि तशीच झोपी गेली. तिची नागपूरची गाडी निघायची वेळ झाली होती. मी तिला उठवलं नाही.