अंधारखोलीतली आरती

चांगल्या मनाचा माणूस दुसऱ्याचं किती वाटोळं करू शकतो, हे ऐकायचं असेल तर चहा हातात घ्या. हसलात तरी चालेल, मला सवय आहे.

मी पनवेलच्या एका कॉलेजात हेडक्लार्क होतो. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. सुगंधा नावाची मुलगी तिथं पीएच.डी. करत होती. उरणकडच्या कोळ्यांची, घरात दहावीपुढे गेलेली पहिलीच. विषय उंदीर. कुठला उंदीर किती वाजता उठून चाकावर पळायला लागतो, आणि आईबापांची ही वेळ पिल्लांत उतरते का? मी पाचला उठतो आणि आमचे चिरंजीव अकराला. म्हणजे उत्तर मी फुकटात दिलं असतं. पण विज्ञानाला पुरावा लागतो.

त्यासाठी उंदीर एका अंधारखोलीत कायम काळोखात ठेवायचे. जरा उजेड दिसला की त्यांचं आतलं घड्याळ सरकतं. आजोबा झाले, बाप झाले, आता नातवंडांची नोंद चालू होती. ती संपली की प्रबंध. शिष्यवृत्ती मार्चपर्यंतच होती. 'आत उजेड नेऊ नये' या दारावरच्या पाटीखाली सही माझी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऑफिसात यंत्रांची पूजा. झेरॉक्स झालं, कॉम्प्युटर झाला. मग वाटलं, पोरीच्या यंत्रांनी काय पाप केलंय? गेलो. नियमाचा माणूस मी. बाहेरचा उजेड येऊ नये म्हणून दार आतून घट्ट लावून घेतलं. आणि हातातल्या निरांजनानं एकेका पिंजऱ्याला ओवाळलं.

डोकं कुठं होतं म्हणता? अहो, उजेड म्हणजे ट्यूबलाइट. निरांजनाला उजेड म्हणतं का कुणी?

आठवड्यानं सुगंधा आलेख घेऊन आली. "काका, सगळ्यांच्या वेळा एकाच दिवशी सरकल्यात. कुणी पुढे, कुणी मागे. आत कुणीतरी उजेड नेलाय."

मी खवळलो. दाराच्या फटींना काळा कागद लावला, इलेक्ट्रिशियनला मेमो दिला. शेवटी सुकापूरच्या नामदेव वॉचमनला तिच्यासमोर उभा केला.

"नामदेव, खरं सांग. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आत कोण गेलं होतं?"

"तुमीच की साहेब. निरांजन घेऊन."

मी दाराचा काळा कागद सारखा करायला लागलो.

"मी भायेर टाळ्या वाजवत होतो," तो म्हणाला. "आत काय झालं ते मला ठावं नाय."

सुगंधा खुर्चीत बसली. वही उघडली. "किती वेळ, काका?"

"दोन आरत्या."

"सगळी कडवी?"

"हो. आणि शेवटी कापूर."

तिनं वही मिटली. "घरचे मार्चनंतर माझ्या लग्नाचं बघणार होते. आता त्यांना काय सांगू? उंदरांची आरती झाली म्हणून?"

"मी राजीनामा देतो."

"तुमच्या राजीनाम्याला पिल्लं होणार आहेत का?"

नातवंडं पुन्हा जन्माला घालावी लागली. शिष्यवृत्ती संपलेली. वर्षभर ती सकाळी शिकवण्या घ्यायची आणि दुपारी काळोखात बसायची. रोज येताजाता मला नमस्कार करायची, तो शिव्यांपेक्षा जड जायचा.

प्रबंध अखेर झाला. त्यात एक ओळ आहे: तिसऱ्या पिढीची पहिली तुकडी बाद; कारण हेडक्लार्कनं केलेली आरती.

चौतीस वर्षांच्या नोकरीत छापील पुस्तकात माझा उल्लेख तेवढाच. प्रबंध टाइप करायला माझ्याकडेच आला होता. त्या ओळीत टायपिंगची चूक मात्र एकही नाही.