जिवंत काकांचा श्रद्धांजली फ्लेक्स

माझे थोरले काका जिवंत असताना मी त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापून घेतला.

तेव्हा मी साताऱ्याला बी.ए. करत होतो. अभ्यासाला एक जुनी शोकांतिका होती. पहिल्याच अंकात म्हातारा राजा मरतो आणि पुढच्या अंकांत बाकीचे एकेक करून त्याच्यामागं जातात. बाईंनी जाहीर केलं, यंदा प्रश्नोत्तरं नकोत. नाटकावर आपल्या डोक्यातून काहीतरी करून आणा, वीस गुण. एकीनं राणीची रोजनिशी लिहिली आणि चहात बुडवून जुनी केली. एकानं मारेकऱ्याला गावच्या तंटामुक्ती समितीपुढं उभा केला. माझ्या डोक्यातून फ्लेक्स निघाला. आमच्याकडं माणूस गेला की दिवस मावळायच्या आत चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. मग राजालाच का नको?

राजाला शोभेल असा चेहरा आमच्या घराण्यात एकच. काका फौजेतून सुभेदार होऊन आलेले. चुलतभावाच्या लग्नातला त्यांचा फेटेवाला, मिशीवाला फोटो दिला आणि खाली लिहिलं, 'महाराजांना भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल : समस्त दरबार.' काका त्याच आठवड्यात हृदयाच्या तपासणीसाठी मिरजेला दाखल होते, हे मला आठवलं नाही असं नाही. आठवलं; पण वीस गुणांपुढं लहान वाटलं.

दुकानदारानं शाई वाळायला फ्लेक्स दाराबाहेर टांगला. आमच्याच गावचा एकजण आपल्या शर्यतीच्या बैलाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स न्यायला तिथं आला. खालचा मजकूर वाचतो कोण? त्यानं हात जोडले, फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. मी वर्गात होतो. खिशातला मोबाइल थरथरायला लागला तो थांबेचना. उघडला तर ओळीनं जोडलेले हात.

मी घाईघाईनं लिहिलं, 'काका बरे आहेत.'

त्याखाली लगेच आलं, 'पोरगं धक्क्यात हाय. कुणीतरी जवळ जावा त्याच्या.'

काकांना फोन लावला, बंद. त्यांच्यासोबत वडील होते, त्यांचा लागेना. आणि मग मलाच घाम फुटला. खरंच काही झालं असेल तर? मीच ते छापून बोलावलं असेल तर? इकडं घरी काकी एकटी. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि काकांची 'साधी तपासणी' आहे एवढंच तिला सांगितलेलं. बातमीच्या आधी मला तिच्यापर्यंत पोचायला हवं होतं.

कोरेगावच्या रस्त्यानं गाडी कशी हाणली, देव जाणे. उसाच्या ट्रॉल्यांना घासून गेलो. घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. भावकीतल्या एका आबांनी मला वाटेतच धरलं.

"पोरं बांबू आणायला गेल्यात."

"आवं आबा, काका हायत!"

"व्हय रं बाळा, आपल्यातच हायत ते," म्हणून त्यांनी माझं डोकं छातीशी आवळलं. सुटता सुटेना.

आत काकी भिंतीला टेकून बसली होती. डोळे कोरडे, ओठ पांढरे, श्वास आखूड. शेजारची म्हातारी तिचे तळहात चोळत होती.

"काकी, काय झालेलं न्हाई. फ्लेक्स माझा हाय. कालेजातल्या नाटकात राजा मरतो, त्याच्यासाठी."

तिनं माझ्याकडं पाहिलं, पण मी तिला दिसत असेन असं वाटलं नाही. "त्यांचा आवाज ऐकव," एवढंच म्हणाली.

स्पीकर लावून पुन्हा फोन केला. या वेळी तो वाजला. नुसता वाजत राहिला. घरभर तेवढाच आवाज. या बाईला आता मी काय सांगणार होतो?

"हॅलो!" काकांचा खरखरीत आवाज आला. "आत मशिनीत घातलं हुतं मला, फोन बंद केलावता. आन् कोण गेलं रं गावात? सगळ्यांचं फोन आल्यात!"

काकीनं माझ्या हातातून मोबाइल ओढून घेतला. "जेवलासा का?" तिनं विचारलं, आणि मग तिला रडू फुटलं.

बायका हळूहळू उठल्या. मी उंबऱ्याशी मान घालून उभा होतो. पदरानं डोळे पुसून काकीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मेलेला राजा दावायचाच हुता, तर सोताचा फोटू लावायचा हुतास की रं. निदान कोण रडाय तरी आलं नसतं."