आत्या, शाळा आणि न झालेला मनोरा

आमच्या चर्चला मनोरा नाही. का नाही, याच्या इतक्या भाकडकथा ऐकल्यात की आता मीच लिहिते. जमीन भुसभुशीत नाही आणि कुणाला दृष्टान्तही झालेला नाही. मनोरा नाही तो माझ्या आत्यामुळे.

खरं तर मनोऱ्यासाठी दगड येऊन पडले होते. पण माझी आजी आणि तिच्या मैतरणींनी तेव्हाच्या फादरांना गाठलं. "देवाला इथूनही दिसतं, फादर. पोरं मात्र उघड्यावर शिकतात." त्या दगडांची शाळा झाली. चार खोल्या आणि एक ओसरी. शेजारच्या वस्तीतले आमच्या चर्चला बोडकं म्हणायचे. म्हणेनात का!

आत्या त्याच शाळेत शिकली आणि तिथेच बालवर्गाची बाई झाली. लग्न केलं नाही. "मग नन का झाली नाहीस?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "त्यात आज्ञा पाळायची शपथ असते. खोटी शपथ कशाला घेऊ?" तिच्या वर्गाचा नियम एकच होता: बाई आल्या की ताठ उभं राहायचं आणि 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचं नाही. वस्तीच्या दोन पिढ्यांच्या हाडांत तो मुरला होता. ती दुकानावरून गेली की न्हावी गिऱ्हाईकाची दाढी अर्धी सोडून ताठ उभा राहायचा.

मग नवे फादर आले. माणूस वाईट नव्हता, पण बोडकं चर्च त्यांच्या डोळ्यांत सलायचं. मुलं कमी झालीत, ती पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत जातील, आपली पाडू आणि तेच दगड मनोऱ्याला लावू, असा त्यांचा बेत. माझे बाबा, म्हणजे आत्याचे थोरले भाऊ, त्यांचा उजवा हात.

"आपल्या आईनं अडवलेलं काम पुरं होईल," बाबा जेवताना आत्याला म्हणाले.

"आईनं अडवलं नव्हतं, दादा. निवडलं होतं."

"तुझी नोकरी जाईल म्हणून बोलतेस."

"माझी जाऊ दे. पुलापलीकडे चार वर्षांचं पोर चालत जाणार, की तू खांद्यावर नेणार?"

बाबा ताटावरून उठले. आत्याने त्यांची भाजी स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

रविवारी मिस्सेची प्रार्थना संपत आली तेव्हा फादरांनी विषय काढला. आत्या दर रविवारी मिस्सा चालू असताना शाळेत लहान मुलांना प्रार्थना शिकवत असे आणि शेवटी त्यांना रांगेने चर्चमध्ये आणत असे. फादर म्हणाले, "ज्यांना मनोरा हवा त्यांनी उभं राहावं." बाबा ताडकन उठले. बाकीचे एकमेकांची तोंडं बघत बसले. फादरांना नाही म्हणायची सवय कुणाला होती?

इतक्यात मागचं दार उघडलं आणि पोरांची रांग घेऊन आत्या आत आली.

अख्खं चर्च उभं राहिलं. न्हावी, नर्स, गवंडी, पेटी वाजवणारा, सगळे ताठ. मीसुद्धा. फादरांचा चेहरा उजळला. "एकमतानं! देवाची कृपा."

"काय एकमतानं?" आत्याने विचारलं.

"शाळा पाडायची," न्हावी पुटपुटला आणि स्वतःच्याच पायांकडे बघायला लागला.

आत्याला कळायला वेळ लागला नाही. "बसा खाली!" बाकं एकदम करकरली. "माझ्यासाठी उठलात ते झालं. आता शाळा पाडायची असेल त्यानं उठावं. कुणाचा कान धरणार नाही."

एकटे बाबा उभे होते. ते तिच्या हाताखाली शिकलेच नव्हते ना!

"पाय दुखतील, दादा."

"दुखू देत."

"मग राहा. हक्क आहे तुझा."

फादर गडबडले. "यावर नंतर बोलू. आशीर्वादासाठी सगळे उभे राहा."

कुणी हललं नाही. मला वाटलं, आत्याची वाट बघतायत. आत्यालाही तसंच वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "उठा की!" तरी कुणी उठेना. तिचंही न ऐकलेलं मी आयुष्यात तेवढंच पाहिलं.

नर्स बसल्या जागेवरून म्हणाली, "आधी शाळेचं सांगा, फादर. आशीर्वाद मग घेऊ."

फादरांनी बाबांकडे बघितलं, मग भरलेल्या बाकांकडे. हात वर उचललेला तसाच होता.

"राहील," ते म्हणाले. "शाळा राहील."

तेव्हा कुठे लोक उठले.