सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी

आम्हा दोघींची कामं नौपाड्यात. माझी मैत्रीण, ती दोन घरी पोळ्या करते, मी एका म्हाताऱ्या बाईंचा स्वयंपाक. राहायला दिवा स्टेशनजवळ, आमच्या खोल्याही लागूनच. पण घरात माणसं आणि गाडीत रेटारेटी, म्हणून आमचं सगळं बोलणं ठाणे स्टेशनच्या जिन्यावर व्हायचं. मला चारचौघांत बोलता येत नाही. तिच्याशी येतं.

शेजारीच सरकता जिना. दोघीही त्याला घाबरायचो, नुसतं बघायचो. पोरं चालत्या जिन्यावरही धावतात. कुणी मोबाईल बघत वर पोचतो आणि तिथेच थांबतो, मागचे त्याच्यावर आदळतात. बायका निऱ्या उचलून एक पाय पुढे टाकतात, परत मागे घेतात. एकदा एका आजींनी पायरीला हात लावून नमस्कार केला आणि चपला हातात घेऊन चढल्या. "बघ गं, देवळात निघाल्यात!" ती म्हणाली. आम्ही पोट धरून हसलो.

मग तिच्याकडे सून आली. तीही ठाण्यातच एका दवाखान्यात कामाला. "आई, खाली नाही, माझ्याकडे बघा," म्हणत तिने सासूचा हात धरला आणि घेऊन गेली वर. "ये गं, काही होत नाही!" मैत्रीण वरून ओरडली. लोक बघायला लागले. मी मान खाली घालून साध्या जिन्याने चढले.

मग रोजच तसं. कठड्यापलीकडून त्या वर जाताना दिसायच्या. सून काही सांगायची, ती हसायची. ते हसणं माझं होतं. वाटायचं, बंद पडू दे मेला जिना. एकदा पडलाही. तर सून म्हणाली, "आई, पलीकडचा चालू आहे," आणि तिकडे घेऊन गेली.

माझ्या मुलाचं लग्न जमत नाही. एका खोलीत कोण मुलगी देणार? म्हणून मला हेवा सासूचा वाटत होता की सुनेचा, तेच कळेना.

नागपंचमीला सून माहेरी गेली. म्हटलं, आता ती माझ्याबरोबर येईल. पण ती सरकत्या जिन्याकडेच गेली आणि पायथ्याशी अडली. "ओ मावशी, चढा नाहीतर बाजूला व्हा!" मागून कुणीतरी खेकसलं. मी साध्या जिन्याच्या अर्ध्यावरून खाली आले.

"चल, आपल्या जिन्याने जाऊ."

"गुडघा दुखतो गं. चढवत नाही आता."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. सुनेने औषध आणून दिलंय."

पायातली चप्पल तुटली तरी मला सांगणारी ती. गुडघ्याचं मात्र सुनेला ठाऊक होतं.

मी चपला काढून हातात घेतल्या आणि तिचा हात धरला. "देवळात निघालीस का?" ती हसली. पाय टाकला. भीती वाटली, पण हात सोडला नाही. काही बोलावं म्हणेपर्यंत आम्ही वर पोचलो होतो.

सून परत आली त्या दिवशी मी साध्या जिन्याकडे वळले. मैत्रिणीने मला हाक मारली. आता मला नाही म्हणता येईना. पायरीवर दोघीच मावतात. त्या दोघी पुढे उभ्या राहिल्या, मी एक पायरी खाली, तिच्या पिशवीचा बंद धरून. वर पोचेपर्यंत मला सुनेची वेणी दिसत होती.