देवीला सोडलेलं गोड

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. बी.एस्सी. होऊन पाथर्डीच्या शाळेत शास्त्र शिकवायला लागले, याचा मला अभिमान होता, आजही आहे. दुष्काळाचं वर्ष होतं ते.

आठवीत एक मुलगी मधुमेहाची होती. तिची आई रोज सकाळी काचेची सिरिंज उकळून तिला इन्शुलिनची सुई द्यायची. नगरला डॉक्टरांकडून शिकून आली होती. शाळा सुरू झाली तेव्हा तिनं फडक्यात बांधलेला गुळाचा खडा माझ्या हाती दिला. पोरीला घाम सुटला, हातपाय कापायला लागले, की लगेच तोंडात घालायचा. एरवी गोड बंद. खडा मी टेबलाच्या खणात ठेवला.

शाळेत दुष्काळातली गोड सुकडी वाटली जायची तेव्हा पोरी म्हणायच्या, "बाई, हिचा वाटा आमच्या नावावर करा." ही हसून आपली फडक्यातली भाकरी सोडून खायची. मला कौतुक वाटायचं.

नवरात्र झाल्यावर एकदा कवायत लांबली. वर्गात आली ती घामानं भिजलेली, ओठ पांढरे. मी गूळ काढला. तिनं दात आवळले.

"न्हाई बाई. गोड देवीला सोडलंय."

नवरात्रात मायलेकींनी देवीपुढं बोलून टाकलं होतं, सुई सुटेपर्यंत पोर गोड शिवणार नाही. मी रक्तातली साखर समजावली, रागावले, शेवटी हात जोडले. तिची जीभ जड झाली होती, तरी एकच धरून बसली, खाल्लं तर सुई सुटायची न्हाई. मग मान कलली आणि दात सैल पडले. तिचं डोकं मांडीवर घेऊन मी गूळ कुस्करून तिच्या गालाच्या आतून चोळत राहिले.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. ओठांवरून जीभ फिरवली. चव कळली तशी रडायला लागली, आवाज न करता.

"आता सुटंल का सुई, बाई?"

सुई जन्माची होती, गूळ खाल्ला काय नि न खाल्ला काय. हे शास्त्र मला येत होतं. मी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि भाकरी खा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आई आली. नवा खडा टेबलावर ठेवून म्हणाली, "तिला देत जावा. गोड आता म्या सोडलंय."

सुई जन्माची आहे हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग खण उघडला नि खडा आत ठेवला.