जगावेगळं नावाची चौकट

माणूस हास्यास्पद करायचा असेल तर आधी त्याचं घरदार काढून घ्यावं. ही विद्या मी नाशिकच्या एका छोट्या दैनिकात शिकलो आणि तीत तरबेज झालो, याचा मला बरीच वर्षं अभिमानही होता.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. कार्यालयात नुकतंच इंटरनेट आलं होतं. मोडेम किंचाळायचा, मग एखादं पान उघडायचं आणि निम्म्यावर अडकून बसायचं. माझं इंग्रजी त्यातल्या त्यात बरं, म्हणून शेवटच्या पानावरची 'जगावेगळं' ही चौकट माझ्या गळ्यात पडली. परदेशी साइटवरच्या विचित्र बातम्या हुडकायच्या आणि दहा ओळींत मराठीत उतरवायच्या. चोरी करायला शिरलेला चोर त्याच घरातल्या पलंगावर घोरत पडला. एका बाईनं कुत्र्याचं थाटामाटात बारसं केलं. सरकारदरबारी मेलेला एक म्हातारा आपण जिवंत असल्याचा दाखला मागत फिरतोय. वरिष्ठांचा नियम एकच होता, वाचकाला चहा पिताना ठसका लागला पाहिजे. म्हणून त्या म्हाताऱ्याला बायको होती का, तो दाखल्यावाचून जेवत काय होता, हे मी उडवून टाकायचो. चौकटीतल्या माणसाला घर ठेवलं की हसू येत नाही.

माझी आई ती चौकट रोज वाचायची. नाशकातल्या द्वारका चौकाजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. पेपर आला की ती चष्मा लावून आधी शेवटचं पान उघडायची आणि ओळींवरून बोट फिरवत वाचायची. "काय एकेक लोक असतात बाई," म्हणायची. मला बरं वाटायचं.

तिचं माहेर निफाडजवळचं. भाऊ एकच, माझा मामा. मितभाषी माणूस, सगळा जीव द्राक्षबागेत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, मी कॉलेजात असताना, त्याच्या डोक्याला कावळा शिवला. हा मोठा अपशकुन. त्यावर तिकडचा उतारा असा, की त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी जवळच्या नातेवाइकाला द्यायची. त्यानं खरं समजून रडावं, म्हणजे अरिष्ट टळतं. गावाकडचा एक भाऊबंद सकाळच्या एसटीनं आला आणि दारातच म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ गेला." आई होती तिथंच मटकन बसली. तिनं फोडलेला तो हंबरडा मला आजही ऐकू येतो. त्या माणसानं तिला पोटभर रडू दिलं आणि मग खिशातून गुळाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. "बस झालं आता. कावळा शिवला व्हता. धडधाकट हाय तुमचा भाऊ, बागेला पाणी देतोय."

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. आई मात्र डोळे पुसता पुसता हसायला लागली होती. पुढे शेजारणींना ती हे कौतुकानं सांगायची. "ज्याला खरं रडू येईल ना, त्याच्याकडेच पाठवतात. एवढे चुलत-मावस होते, पण निरोप माझ्याकडे आला." हा तिचा माहेरचा मान होता. मला तो अडाणीपणा वाटला होता. थोडासा अजूनही वाटतो.

मग तो दिवस आला. सकाळपासून इंटरनेट बंद होतं आणि चौकट रिकामी. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून गावी कार्यालयाचा नंबर दिलेला होता. अकराच्या सुमाराला मामाच्या शेजाऱ्याचा फोन आला. "मामा गेले तुमचे. आईला घेऊन या, लय उशीर करू नका. चारला उचलायचंय."

मी हसलो. "पुन्हा कावळा का?"

"काय म्हन्ता?" तो म्हणाला. खरखर वाढली आणि फोन बंद झाला.

मला उलट फोन लावता आला असता. लावला नाही. आईला ब्लडप्रेशरचा त्रास, तिला उगाच कशाला रडवायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण समोर टेबलावर होतं. मी दहा ओळी खरडल्या. निफाड तालुक्यातल्या एका गावी जिवंत माणसाला मारण्याची अजब प्रथा. मामाचा 'एक बागायतदार' झाला, आईची 'भोळी बहीण'. शेवटी एक कोटी, कावळ्याची बाजू मात्र समजू शकली नाही. वरिष्ठ खो खो हसले. पुढे महिन्याभरानं ती बातमी मला एका परदेशी साइटवर इंग्रजीत दिसली. तिथं निफाडही उडालं होतं, नुसतं भारतातलं एक खेडं उरलं होतं. माझंच काम दुसऱ्या कुणीतरी पुरं केलं होतं.

त्या संध्याकाळी आईनं पिठलं-भाकरी वाढली. मी जेवलो आणि काही बोललो नाही.

सकाळी तिचं बोट चौकटीवर थांबलं. "हे तर आमच्याकडचं," ती म्हणाली. मी हसतच सांगितलं, की काल फोन आला होता, तू रडशील म्हणून बोललो नाही.

"फोन?" तिनं चष्मा काढला. "अरे, खोटी बातमी फोनवर नाही देत. माणूस घेऊन येतो. रडणाऱ्याला थांबवायला कुणीतरी समोर नको का?"

साऱ्या जगाच्या तऱ्हा दहा ओळींत कोंबणाऱ्या मला एवढं माहीत नव्हतं. तो गूळ माझ्या डोळ्यांदेखत निघाला होता, तरी तो कशासाठी हे मी कधी विचारलं नव्हतं.

आई रडली नाही. साडी बदलून ती माझ्याआधी जिना उतरली. एसटीत सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून होती.

मामा आदल्या दिवशी सकाळी बागेतच कोसळला होता. ओसरी पाहुण्यांनी भरली होती. मामी भिंतीला टेकून बसलेली. मामेभावाच्या हातात आमचा पेपर होता, कारण सकाळच्या एसटीनंच गठ्ठा तिथं पोचायचा. चौकटीखाली नाव नसायचं, पण ती मी भरतो हे मीच गावभर सांगून ठेवलेलं.

"साडेपाचपर्यंत थांबलो आत्या," तो म्हणाला. "दर एसटीला माणूस पाठवला. बहिणीनं तोंड बघितल्याबिगर उचलायचं नाय, म्हणत व्हती आई." मग तो माझ्याकडे वळला. "निरोप भेटला नव्हता का तुला?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. "त्यानं मला लगेच सांगितलं रे. मीच म्हटलं, कावळ्याचं असेल, जायला नको. पेपरात घाल असंही मीच म्हटलं."

मामीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "तुमच्याकडंच पाठवायचे ते निरोप," ती म्हणाली. "तुम्ही खरं रडता म्हणून."

पाण्याचंही कुणी विचारलं नाही. थोड्या वेळानं आई उठली. मी तिच्या मागोमाग निघालो. दहाव्याचं बोलावणं आलं नाही. त्यानंतर त्या घरातलं कुठलंच आलं नाही.

स्टँडवर मी तिला म्हणालो, परत जाऊन खरं काय ते सांगतो.

"नको," ती म्हणाली. "तुला पुढं त्यांच्यात उठबस करायचीय. माझा तिथं होता तो गेला."

मी दुसऱ्यांदा म्हणालो नाही. ती नको म्हणाली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.