सलीमची दुबई

व्यसन सोडायला निघालेल्या माणसाजवळ दुसरं काही उरत नाही, किस्से मात्र ढिगानं साठतात! दर मंगळवारी कणकवलीच्या व्यसनमुक्ती सेंटरवर आम्ही आठ-दहा जण बसतो आणि आमचे आम्हीच हसतो.

त्यातला सलीम खारेपाटणचा. गर्द ओढायचा. सेंटरमध्ये राहून चार महिने त्यानं पुडीला हात लावला नव्हता. पण गड्याला घरी जाता येईना! त्याच्या आईनं, जैनबखालानं, गावभर सांगून ठेवलेलं, "आमचो सलीम दुबयक आसा." कणकवलीच्या बाजारातून खजूर न्यायची आणि शेजारी वाटायची, "झिलान धाडल्यान!"

"माझ्यापेक्षा दुबयतलो सलीम बरो," हा म्हणायचा. "तो खजूर तरी धाडता." आम्ही हसायचो. तोही हसायचा, पण त्याचे डोळे भरलेले असायचे.

*

मी वैभववाडीचा. गोव्यात हॉटेलात कामाला होतो, तिथे गोळ्यांच्या नादी लागलो. पहिल्यांदा सेंटरला निघालो तेव्हा तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी. एसटीत कंडक्टरला हळूच म्हटलं, "एक कणकवली."

"स्टँडार कित्याक जातंस?" तो अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असा ओरडला. "सेंटराकडे गाडी थांबवतंय. तुझी आये काल माका सांगान गेली!"

*

सेंटरच्या सरांनी घरच्यांना सांगितलं, अधूनमधून घर तपासत जा. आमच्या आईला तेवढंच पाहिजे होतं! तिनं कौलांपासून कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत झडती घेतली. माझं काहीच सापडलं नाही. बाबांची तंबाखू तीन ठिकाणी सापडली आणि भाताच्या कणगीत फेणीची बाटली!

बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मेल्या, तुझ्यापायी माझी अब्रू गेली!"

*

सर पुण्याचे. एकदा म्हणाले, "आज शेवटी प्रत्येकानं मनातल्या मनात प्रार्थना करायची."

मनातल्या मनात? आमच्याकडे? देवळातले मानकरी बापू झोपेच्या गोळ्या सोडायला यायचे. ते उठले, हात जोडले आणि देवळात घालतात तसं मोठ्यानं गाऱ्हाणंच घातलं! "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज हय गोळा झाली हत. त्येंची पुडी सुटूंदे, गोळी सुटूंदे..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. सलीमचा आवाज सगळ्यात मोठा.

"त्येंका घरच्यांनी परत घरात घेवंदे!"

"व्हय म्हाराजा!!"

"आणि पुडी विकणाऱ्याचो नंबर सगळ्यांच्या मोबाईलातसून जावंदे!"

सगळे जमिनीकडे बघायला लागले. बापूंनी एक डोळा उघडून पाहिलं आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.

*

मागच्या महिन्यात सरांनी जैनबखालाला बोलावून घेतलं. "मुलाला घरी न्या. आता त्याला घराची गरज आहे."

"नेतंय ओ. पण लोकांका काय सांगू?"

सलीम तिच्यासमोर खाली बसला. "अम्मा, मी पुडी सोडलंय. आता तू दुबय सोड."

खालानं पदरानं तोंड पुसलं आणि त्याची बॅग उचलली.

सोबतीला मीही गेलो. खारेपाटणला एसटीतून उतरतोय तोच समोर त्यांची शेजारीण, सुलभाकाकी!

"अगो बाय, सलीम! दुबयसून कधी इलंस रे?"

सलीमनं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, आता खाला खजूर काढणार!

खालानं बॅग खाली ठेवली. "दुबयक गेल्लोच नाय गो तो. गर्द ओढी होतो. कणकवलेक सेंटरात होतो. आता सोडल्यान."

स्टँडवरचे चार लोक वळून बघायला लागले. सुलभाकाकीनं इकडेतिकडे पाहिलं, खालाचा हात धरून तिला बाजूला ओढलं आणि म्हणाली,

"भाबी, त्या सेंटराचो पत्तो दी. आमचो प्रकाश पण दुबयकच आसा."